काडतुसं आली नाहीत तो हिवाळा

आधी हमीदचाचांचं नाव घेतो, काय झालं ते मग सांगतो. म्हसळ्याचे हमीदचाचा, आमच्या शूटिंग रेंजचे स्टोअरकीपर. त्यांच्या डाव्या हाताला तीन बोटं आहेत आणि त्याच हाताच्या मनगटावर दातांची अर्धगोल खूण आहे. दात माझे. बोटं गेली तीही माझ्या तोंडासमोर आलेली नळी धरताना गेली. हा माणूस नसता तर मी आज एकतर मातीत असतो, नाहीतर तुरुंगात. आठवीतून शाळा सोडलेला मी, लिहायची सवय नाही. लिहिताना सारखी धास्ती वाटते की आपल्या एखाद्या वाक्याने कुणाचा तरी व्हिसा अडकेल. पण चाचांचं नाव वर लिहून ठेवलं की हात जरा स्थिर होतो.

परवापासून वारा फिरलाय. सलमाबादच्या आमच्या खोलीतला एसी बंद झाला. त्याची घरघर थांबल्यावर एकमेकांचे श्वास ऐकू यायला लागले आणि ज्याने त्याने पेटीतलं ब्लँकेट बाहेर काढलं. बहारीनमध्ये हिवाळा म्हणजे माणसांच्या सुखाचे दिवस. वाळवंटात तंबू लागतात, रात्रभर शेकोट्या पेटतात, तुबलीच्या खाडीत लांबचे पक्षी येऊन उतरतात. मला मात्र तो नकोसा वाटतो. वारा फिरला की आमचा सीझन सुरू होतो, आणि आमचा सीझन म्हणजे बार. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बार.

काम तसं सोपं आहे. मेंबर बंदूक खांद्याला लावून उभा राहतो आणि ओरडतो, "पुल." मी हातातलं बटण दाबतो. जमिनीखालच्या खड्ड्यातलं मशीन एक नारिंगी मातीची चकती आकाशात भिरकावतं. मेंबर ती फोडतो. फुटली की तो खूश, नाही फुटली की माझ्याकडे बघतो, जणू मीच ती वाकडी फेकली. दिवसभर हेच. संध्याकाळी वाळूवर नारिंगी खापऱ्यांचा थर साचतो, बाजूला रिकाम्या पुंगळ्यांचे ढीग, लाल, पिवळ्या, हिरव्या, बुडाला पितळ. मी लांब दांड्याच्या फरड्याने त्या ओढतो आणि गोणीत भरतो. नवीन होतो तेव्हा मला हे सगळं एखाद्या जत्रेनंतरच्या मैदानासारखं वाटायचं. नंतर वाटायला लागलं की जगात फोडण्याची एवढी हौस असेल, तर चकत्या फुटतायत हेच बरं.

आज सकाळी ट्रक आला. काडतुसांची खोकी स्टोअरच्या छतापर्यंत लागली. चाचांनी एक उघडलं, एक काडतूस काढून माझ्या नाकाशी धरलं. कोऱ्या प्लॅस्टिकचा आणि पितळेचा वास.

"घे, वास घे. या साली मारामारी होनार नाय."

"आणि पुढच्या वर्षी माल नाही आला तर?"

"तू आतापासून पुढच्या सालाला घाबर. रिकामा नको बसू."

ते हसले. मीही हसलो, पण खोक्यांच्या त्या भिंतीकडे पाहताना मला ते रिकामं स्टोअर दिसत होतं. लोखंडी फळ्या, वर धूळ, आणि खिडकीबाहेर हात पुढे केलेली चांगल्या घरची माणसं.

त्या हिवाळ्यात काडतुसं आलीच नाहीत. का, ते प्रत्येकजण वेगळं सांगायचा. कोण म्हणे लढाई चालू आहे, बंदुकीची सगळी दारू तिकडे जाते. कोण म्हणे जहाज अडकलंय. कोण म्हणे बुडाच्या टोप्याच मिळत नाहीत. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडातली ती बारीक पितळी टिकली, जिच्यावर घोडा आदळला की आतली दारू पेटते. एवढीशी वस्तू, नखाएवढी, पण ती नसेल तर बाकी सगळं माती. जो काही जुना साठा होता त्याचा भाव दुप्पट झाला, मग त्याहून वर गेला. तरी लोक घ्यायला तयार. तेव्हा वरून हुकूम आला की एका मेंबरला दिवसाला एकच बॉक्स.

खिडकीवर बसायचे चाचा. "नो, सर. ओन्ली वन, सर. मफी, सर," एवढं बोलून बोलून त्यांचा घसा बसायचा. मफी म्हणजे इकडच्या बोलीत 'नाही'. मागे वळून मला म्हणायचे, "बाला, रॉकेलच्या लायनीत उभी राहिलेली माझी आई यांच्यापेक्षा शहानी होती."

माणसांचं काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. पहिल्या आठवड्यात सगळे थट्टा करत होते. मग कुजबूज सुरू झाली, ह्याला दोन मिळाले, त्याला मागच्या दाराने मिळाले. एका दुपारी दोन मेंबर एकाच बॉक्सला झोंबले. एकाच्या हातात घड्याळ असं की आमच्या गावचा रस्ता झाला असता, दुसऱ्याचे बूट मऊ चामड्याचे. बॉक्स फाटला, काडतुसं फरशीवर घरंगळली आणि ही दोन मोठी माणसं गुडघ्यांवर आली. एकाने दुसऱ्याच्या बोटांवर टाच ठेवली. ठेवली म्हणजे चुकून पडली नाही, ठेवली आणि पिळली. ते बोटांचं करकरणं मी ऐकलं. खेळायला आलेली माणसं ही.

बाहेर बार कमी झाले होते. त्यामुळे एकेक बार जास्त मोठा वाटायचा.

प्रधानसाहेब त्यातलेच एक. पुण्याचे, कुठल्याशा कंपनीत मोठे इंजिनीयर, सनाबिसला मॉलच्या मागे उंच इमारतीत फ्लॅट. मी मराठी बोलतो हे कळलं त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती. "अरे, आपल्याकडचा तू. मग चांगल्या चकत्या सोड की." दिवाळीला त्यांच्या बायकोने चिवड्याचा डबा पाठवला. मुलं गाडीत बसून इंग्रजीत भांडत असायची. साहेब त्यांना मराठीत दटावायचे, आणि मुलं इंग्रजीतच गप्प व्हायची, म्हणजे "ओके, बाबा" म्हणून. बंदुकीचं मला जे काही नीट समजतं ते त्यांनीच समजावलेलं. बार करताना आवाज दबका आला तर थांबायचं, बंदूक उघडायची, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं, हेसुद्धा त्यांनीच शिकवलं. "नळीत काही अडकलं आणि त्यावर दुसरा बार केलास, तर नळी फुटते. मग बंदूक कुणाची आणि हात कुणाचा ते कळत नाही," असं म्हणाले होते. चांगला माणूस होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं लिहिल्यावर तसं लिहायला जमणार नाही.

दबक्या बाराची ओळख मला त्याआधीची होती.

आमच्या गावाकडे, लांज्याच्या आत, भात पिवळं पडलं की डुकरं उतरतात. एका रात्रीत वाफेच्या वाफे नांगरल्यासारखे करतात. म्हणून गावात परवान्याच्या दोन बंदुका होत्या, त्यातली एक आमच्या दाजीकाकांकडे. ठासणीची. वरून दारू घालायची, छर्रे घालायचे, गजाने ठोकायचं. दारू आणि टोप्या परवान्यावर मिळायच्या, त्याही तालुक्याच्या दुकानात असल्या तर. बहुतेक वेळा दुकानदार मान हलवायचा, माल वरून आला नाही. आला की दर वाढलेला. दाजीकाका त्यामुळे दारू फार जपायचे. आई तेल ओतायची तशी ते दारू ओतायचे, वाकडं भांडं धरून, थेंबाथेंबाने. वर सांगायचे, "दुसरा जिथे दोन बार काढतो, तिथे मी तीन काढतंय."

त्या वर्षी पारधीला मी पहिल्यांदा हाकाऱ्यांत होतो. डबे वाजवत, ओरडत रान उठवायचं आणि डुक्कर बंदुकीवाल्याच्या समोर काढायचं. बाबा माझ्या उजव्या अंगाला होते, हातात पत्र्याचा डबा. वहाळाच्या वरच्या अंगाला दाजीकाका बसलेले. डुक्कर आलं, काळं, ओलं, मानेवरचे केस उभे. बार झाला. पण तो बार नव्हता, ओल्या लाकडाने खोकावं तसा आवाज झाला. छर्रे डुकराच्या कातड्यात गेले आणि तिथेच राहिले. त्याला फक्त राग आला. ते मागे वळलं आणि करवंदीच्या जाळीतून बाबा बाहेर आले ते नेमके त्याच्या समोर.

सुळा गुडघ्यापासून वर गेला. पिशवीची चेन उघडावी तशी मांडी उघडली. आत पांढरं दिसलं, मग ते लाल झालं. बाबा ओरडले नाहीत, डबाच तेवढा दगडावरून वाजत खाली गेला. आमच्या कुत्र्याने डुकराचा कान धरला, डुकराने त्याला जाळीवर फेकलं, तो तिथेच लटकून राहिला. मग माणसं कोयते घेऊन आली. कोयते पडत राहिले. डुक्कर मेलं तरी पडत राहिले. कुणाला थांबायचं सुचत नव्हतं, आणि मीही त्यात होतो, माझ्या हातात दगड होता.

पारधीत ज्याचं रक्त सांडलं त्याचा वाटा आधी त्याच्या दारात जातो, मग बाकीचे वाटे पडतात. आमच्याकडची ही रीत. बाबा तालुक्याच्या दवाखान्यात होते. सागाच्या पानांत बांधलेला वाटा घेऊन दाजीकाका स्वतः आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आईने वाटा घेतला. नाकारायचा नसतो. घेताना एवढंच म्हणाली, "दारू वाचली का, भावोजी?"

दाजीकाका तसेच मागे फिरले.

आईने त्या डुकराची सागुती केली. आम्ही ती खाल्ली. भूक होती. ती चांगली लागली, आणि हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो. बाबांचा पाय पुन्हा कधी वाकला नाही. नांगर मी धरला, आठवीची पुस्तकं शेजारच्या पोराला गेली. दाजीकाकांनी पुन्हा बंदुकीला हात लावला नाही. आमची पेरणी, लावणी, सगळ्याला ते न बोलावता यायचे, खाली मान घालून राबायचे. मला त्यांना मारायचं होतं. पुष्कळ वर्षं मारायचं होतं. पण ज्याने मान खाली घातली आहे त्याला मारायचं कसं. तो राग तसाच माझ्या अंगात राहिला, कुठे बाहेर पडायला वाट न मिळालेला. त्याला घेऊनच मी विमानात बसलो.

कधी कधी वाटतं, माणसाच्या आतही नळी असते. अडकलेलं वेळेवर काढलं नाही की पुढच्या कुठल्या तरी बाराला, भलत्याच माणसासमोर, ती फुटते.

तर त्या हिवाळ्यात प्रधानसाहेब पुंगळ्या मागायला लागले.

"चांगल्या चांगल्या बाजूला ठेव रे. तोंड न फाटलेल्या."

"कशाला, साहेब?"

"घरी भरतो. मशीन आहे माझ्याकडे. बाहेरच्या देशांत हौशी लोक घरीच भरतात, त्यात काही विशेष नाही. तुझी आई पापड लाटते ना, तसंच."

"पण टोप्या, दारू?"

त्यांनी डोळा मिचकावला. कुठून मिळवली ते मी विचारलं नाही. मला माहीत नसलेलं बरं. कुणाच्या तरी बंद खोलीत वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल असावा, असं चाचा नंतर म्हणाले. एवढं सगळ्यांना माहीत होतं की हे इथे चालत नाही. स्टोअरच्या काडतुसाशिवाय दुसरं काडतूस रेंजवर आणायचं नाही, असा बोर्ड होता आणि तो साहेबांच्या डोक्यावरच होता.

चाचांनी पुंगळ्यांच्या गोण्यांची तोंडं शिवून टाकली. "साहेब, ये काम इथे मफी. मी गरीब मानूस, माझी नोकरी जाईल. तुमचा तर हात जाईल."

"चाचा, तुम्ही फक्त बॉक्स मोजा," साहेब म्हणाले. आवाज गोडच होता.

मग मी बघितलं की फेरी संपली की साहेब स्वतः वाकतात. पांढरा टी-शर्ट, महागडा काळा चष्मा, आणि हा माणूस वाळूतून पुंगळ्या वेचून खिशात घालतोय. आधी इकडे तिकडे बघून, पुढे पुढे न बघता. एकदा त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली. तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारणं सोडलं.

त्या शुक्रवारी उत्तरेचा वारा जोरात होता. वाळू गालांवर सुईसारखी टोचत होती. चकत्या वाऱ्याने वेड्यावाकड्या पळत होत्या आणि साहेबांची एकही फुटत नव्हती. रेशनचा बॉक्स संपला. शेजारच्या जागेवर उभं असलेलं कुणीतरी हसलं. साहेबांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला. त्यातून निघालेल्या काडतुसाचं पितळ काळवंडलेलं होतं. मला ते दिसलं.

"पुल."

मी दाबलं. बार झाला, आणि तो बार नव्हता. ओल्या लाकडाचं तेच खोकणं. चकती अख्खी खाली पडली.

मागे स्टोअरच्या दारातून चाचा ओरडले, "साहेब, बंद. खोला, खोला."

साहेबांनी बंदूक उघडली, पण नळीतून बघितलं नाही. ज्यांनी मला उजेड बघायला शिकवलं होतं, त्यांनी बघितलं नाही. दुसरं काडतूस घातलं, बंदूक मिटली. "पुल." मी दाबलं नाही. "पुल." चाचा वाळूतून पळत येत होते, एका पायातली चप्पल मागे राहिलेली. तिसऱ्यांदा "पुल" झालं नाही. साहेब माझ्याकडे वळले. बंदुकीसकट वळले. नळीची दोन काळी भोकं माझ्या तोंडासमोर आली, आणि त्यामागे ज्या माणसाने मला चिवडा पाठवला होता त्याचा चेहरा.

"बटण दाब ना रे गाढवा. तुला पगार कशाचा देतात?"

मला हलता आलं नाही. पळायला हवं, हे कळत होतं, पण पाय बाबांच्या पायासारखे झाले होते. तेवढ्यात डावीकडून एक हात आला आणि त्याने नळी धरून वर ढकलली. साहेबांचं बोट चापावर होतं. ढकलल्यावर ते दाबलं गेलं असावं.

आवाज मी ऐकला नाही. हवेची एक भिंत अंगावर पडली आणि मी वाळूत बसलो. कानात शिटी. वर पाहिलं तर नळी फुललेली, केळीच्या सोललेल्या सालीसारखी. साहेब गुडघ्यांवर, गालातून रक्त, एका कानावर हात. आणि चाचा उभे. डावा हात छातीशी धरलेला, कुर्ता खांद्यापासून कमरेपर्यंत लाल होत चाललेला. त्यांची दोन बोटं कुठे होती ते मला दिसलं. नारिंगी खापऱ्यांत, पुंगळ्यांच्या मध्ये. त्यातल्या एकाचं नख मेंदीचं होतं, घरी लग्न झालं होतं म्हणून लावलेली मेंदी.

साहेब उठले, माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी मला थोबाडीत मारली. "बटण दाबायला काय झालं होतं तुला?" असं काहीतरी म्हणत होते. ओठ हलताना दिसत होते.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पॅलेट उचकटायची छोटी पहार तिथे पडलेली असायची. ती माझ्या हातात होती. साहेबांचं डोकं खाली होतं, केसांतून वाळू. मी पहार वर नेली तेव्हा मला ते डोकं दाजीकाकांचं वाटलं. खाली घातलेलं, इतकी वर्षं मारायचं राहिलेलं. फुटल्यावर कसा आवाज येईल तेही मला ठाऊक होतं, नारळाचा. मी थांबणार नव्हतो. एक पडली असती की पुढे पडतच राहिली असती, हेही मला ठाऊक होतं.

मागून कुणीतरी मिठी मारली. घट्ट, दोन्ही हातांनी. मानेवरून काहीतरी गरम ओघळलं. मी लाथा मारल्या, डोकं मागे आपटलं. हात सुटेना तेव्हा तोंडासमोर आलेल्या मनगटाला चावलो, हाडाला दात लागेपर्यंत. हात सैल झाला नाही. बोटं तुटून गेलेला तो हात, त्याची मिठी सैल झाली नाही. कानातल्या शिटीतून एक आवाज हळूहळू आत आला, लहान मूल निजवताना काढतात तसा. "खलास, बाला. खलास. खलास झाला सगला. टाक ते." पहार कधी पडली ते मला कळलं नाही. तोंडात रक्ताची चव होती, माझी नव्हे.

दवाखान्यात चाचांच्या खाटेशी आमचे मॅनेजर बसले होते. प्रधानसाहेबांनी सांगितलं होतं की हेल्परने त्यांच्यावर लोखंड उगारलं. खरंच होतं ते. मेंबरवर हात उगारणाऱ्याचं इथे काय होतं ते सांगायला नको. मी दाराशी उभा होतो. डोक्यात आई होती, बाबांचा न वाकणारा पाय होता, आणि बहीण, जिचं नर्सिंग माझ्या नोकरीवर चाललेलं.

मॅनेजरने हिंदीत विचारलं, "चाचा, इस लडके ने मारने को उठाया था?"

"मेरेको कुछ दिखा नहीं, साब. मेरा तो उंगली उड रहा था, मैं उधर देख रहा था."

मग मॅनेजरची नजर चाचांच्या मनगटाकडे गेली. पट्टीच्या खाली दातांची निळी रांग. "और ये?"

"दरद बहुत था, साब. मैंने खुदने काटा."

खाटेशेजारी स्टीलच्या वाटीत पाणी होतं आणि पाण्यात चाचांची कवळी. वरचे सगळे दात त्यात. मॅनेजर वाटीकडे बघत राहिले, मग चाचांच्या बोळक्या तोंडाकडे, मग दाराशी माझ्याकडे. पट्टी बदलणारी मल्याळी नर्स खाली बघून ओठ दाबत होती. शेवटी मॅनेजर उठले. "बहोत मजबूत दांत है आपके," एवढंच म्हणाले आणि गेले. तो विषय पुन्हा निघाला नाही. त्यांचेही उपकार आहेत, पण त्यांना तसं सांगायची माझी हिंमत नाही.

साहेबांच्या खिशातली उरलेली काडतुसं पोलिसांनी नेली. पुढे काय ठरलं ते आमच्यासारख्यांना कोण सांगणार. उन्हाळ्याच्या तोंडाला ते कुटुंब इथून गेलं म्हणतात. जाण्याआधी त्यांची गाडी एकदा गेटपाशी येऊन उभी राहिली होती. काच खाली झाली नाही. मी फरडा हातात धरून उभा राहिलो. चाचा स्टोअरमधून बघत होते. थोड्या वेळाने गाडी वळली. त्या गाडीला मी अजून मनात शिव्या घालतो, आणि त्या चिवड्याची चवही अजून आठवते. दोन्ही एकत्र कसं राहतं, ते शिकलेल्यांना माहीत असेल.

फोनवर एकदा दाजीकाका आले होते, बाबांच्या शेजारी बसलेले. मी म्हटलं, "काका, जेवलात?" एवढंच. मग ते म्हणाले, "हो बाबा, जेवलंय." बास. पण माझ्या नळीतून उजेड दिसला.

आज खोकी लावून झाल्यावर आम्ही चहा घेत बसलो. बाहेर सीझनचा पहिला बार झाला. खणखणीत. तरी माझा कप डचमळला, आणि चाचांनी आपल्या तीन बोटांनी तो खालून धरला.

"चाचा, आमच्याकडे रीत आहे. पारधीत ज्याचं रक्त सांडतं त्याचा वाटा आधी. तुमचा वाटा माझ्याकडे राहिलाय."

"कसला वाटा? डुकराचा?" ते एवढे हसले की कवळी हलली. "बाला, तुझी चाची मला घराबाहेर काढील. वाट्यासकट."

"मग दुसरं सांगा."

"कायपन नको."

मग आपणच बोलायला लागले. पुढच्या सालाने खलास करून घरी जायचं आहे, इंशाल्ला. म्हसळ्याला डोंगराच्या अंगाला त्यांचं थोडं भात आहे. पोरगा म्हणतो विकून टाका, डुकरं काही ठेवत नाहीत, राखण कोण करणार. चाचांना विकायचं नाही. "पन या हाताने डबापन नीट धरवत नाय," म्हणाले, आणि तो हात मांडीखाली सरकवला, जसा ते नेहमी सरकवतात.

मला पटकन बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. स्टोअरच्या मागे तेलाचा एक रिकामा डबा पडला होता, तो मी धुऊन खाटेखाली ठेवलाय. चाचांनी पाहिलं तर विचारतील, विमानात नेनार काय. नेईन. चाचा, तुम्ही घरी जाल त्या वर्षी भाताला लोंबी धरली की मी रजा टाकून म्हसळ्याला येईन. तुमच्या शेतात माळा बांधीन आणि त्यावर बसेन. बंदूक नको, दारू नको. डबा बडवीन, ओरडेन, घसा बसला तरी ओरडेन, आणि कापणी होऊन शेवटचा भारा तुमच्या अंगणात पडेपर्यंत खाली उतरणार नाही. त्या हिवाळ्यात तुम्ही मला राखलंत. तुमचं एक पीक मी राखीन.